केडगावची रमाबाई आमच्या इतिहासातून कुणी गाळली?

एप्रिल महिना लागला की नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत निळे झेंडे चढतात. ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब. नंदनवनपासून इंदोऱ्यापर्यंत मंडप पडतात, प्रबोधनाचे कार्यक्रम होतात, रात्र रात्र भीमगीते चालतात. याच महिन्यात आणखी एका व्यक्तीच्या दोन तारखा येतात. २३ एप्रिल १८५८ हा तिचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल १९२२ हा स्मृतिदिन. आमच्या व्यासपीठांवर या तारखांची आठवण क्वचितच निघते. ही व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटले की आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढे माता रमाई उभी राहते आणि ते स्वाभाविकच आहे. शाळेत वाचलेली दुसरी रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी. तिसऱ्या रमाबाईच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात फार तर एक ओळ येते, तिने विधवांसाठी शारदा सदन काढले. पोरे ही ओळ पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. त्या ओळीत केडगाव नसते. आमच्या मते मात्र या बाईच्या आयुष्याचा खरा अर्थ केडगावातच आहे, आणि म्हणूनच तो प्रस्थापित इतिहासकारांना अडचणीचा वाटत आला आहे.

रमाबाई जन्माने चित्पावन ब्राह्मण. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बाईला देवभाषा शिकवली म्हणून धर्ममार्तंड खवळले आणि शास्त्रीबुवांना उडुपीला धर्मपंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. अखेर ते गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तिथलाच. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत गेले. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा घरात विद्या भरपूर होती, दाणा मात्र नव्हता.

इथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. हे कुटुंब उपाशी का मरत होते? गावात मजुरी अजिबात नव्हती म्हणून नव्हे. अंगमेहनत करणे कमीपणाचे वाटत होते, भीक मागण्याची लाज होती, आणि पोथीपलीकडचे पोटापाण्याचे कोणतेही काम येत नव्हते. रमाबाईंनी पुढे स्वतःच्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या त्यात ही गोष्ट लपवून ठेवली नाही. १८७४ साली वडील गेले. थोड्याच आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण. आईचे प्रेत उचलायला पुरेसे ब्राह्मणसुद्धा मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी स्वतः तिरडीला हात लावला. जातीचा अभिमान उपाशी माणसाचे काय करतो हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. या मुलीने पुढे शेकडो मुलींच्या हाताला काम का दिले, याचे उत्तर शोधायला म्हणूनच आम्हाला इंग्लंड-अमेरिकेला जावे लागत नाही.

भाऊ श्रीनिवास आणि ती, दोघे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्राह्मणी हिशेबाने नवरा शूद्र. म्हणजे ज्या काळात विधवेने पुन्हा लग्न करावे की नाही यावर सुधारक मंडळी शास्त्रार्थ करीत बसली होती, त्या काळात या बाईने जातच ओलांडली! १८८१ साली मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. वय चोवीससुद्धा पुरे नाही, कडेवर मूल, आणि माहेर-सासर दोन्हीकडे कुणी नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला. १८८२ चेच हे साल. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर होऊ द्या असे रमाबाई सांगत होत्या, तर शूद्रातिशूद्रांच्या करातून उच्चवर्णीयांची कॉलेजे का पोसता असे जोतीराव विचारीत होते. दोघांची वाट तेव्हा एक नव्हती. तरी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात गहजब उडाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत जोतीराव होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ही बाजू घेतली. एक शिकलेली ब्राह्मण स्त्री आपल्या धर्मग्रंथांत स्त्रीचे काय स्थान आहे हे स्वतः वाचून त्या धर्माबाहेर जाते, हा प्रकार टीकाकारांना बोचत होता. जोतीरावांना तो समजत होता.

आणि धर्म बदलला म्हणजे बाईने डोके गहाण ठेवले असेही नाही. वाँटेजच्या जोगिणींशी आणि बिशपांशी त्यांचे जे वाद झाले ते वाचण्यासारखे आहेत. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, भारतीय माणसाला समजेल अशा भाषेत का नाहीत, इथपासून ते मतामतांच्या बारकाव्यांपर्यंत त्या प्रश्न विचारीत राहिल्या. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे पाद्रीसाहेबांचे मत पडले, तेव्हा त्यांनी त्यालाही हरकत घेतली. जोखड बदलायला त्या गेलेल्या नव्हत्या. धर्मांतर म्हणजे गुलामी असे ऊठसूट म्हणणाऱ्यांनी हा पत्रव्यवहार जरूर पाहावा.

अमेरिकेतला काळ आम्ही थोडक्यात आटोपतो. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. इथे आमचा आक्षेप स्पष्टपणे नोंदवायला हवा. हे सदन मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. तिथे सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती. महारा-मांगांच्या मुली त्या चौकटीत बसत नव्हत्या. ज्या पुण्यात सावित्रीबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी मुलींची शाळा काढली, आणि जिथे महारा-मांगांच्या मुलांसाठीही फुले दांपत्याने शाळा चालवल्या, त्या पुण्यात ही मागची पायरी होती. रमाबाईंचे कौतुक करताना हे झाकायचे कारण नाही.

पण सनातन्यांना एवढेही चालले नाही. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला. ‘केसरी’ने आग पाखडली. १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पंचवीसेक मुली घरच्यांनी काढून नेल्या. ज्यांच्या भरवशावर संस्था उभी होती ते उंच जातीचे पालक एका रात्रीत पाठ फिरवू शकतात, हे रमाबाईंना कळून चुकले.

त्यानंतर त्यांनी जमीन घेतली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. नागपूरहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याला जाणाऱ्या आमच्या वाचकांची गाडी तिथून जाते, पण ते लक्षात येत नाही. (नगरजवळचे केडगाव ते वेगळे.) त्या काळी हा भाग उजाड माळाचा, पाऊस बेभरवशाचा. तिथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावायची आणि अमेरिकेचे पैसे बंद झाले तरी सदन चालेल अशी तजवीज करायची, हा हिशेब. आमच्या चळवळीतल्या संस्थाचालकांनी तो लक्षात घ्यावा. देणगीची मुदत संपायच्या आधी या बाईने झाडे लावली होती.

झाडांना फळे यायच्या आत दुष्काळ आला. १८९६-९७ चा तो दुष्काळ आपल्याच मध्य प्रांताचा. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या वाढायची सोडून घटली, एवढे सांगितले तरी पुरे. रमाबाई स्वतः निघाल्या. नर्मदेच्या खोऱ्यातले जिल्हे त्यांनी पाहिले. सरकारी अन्नछत्रे, गरीबखाने, खडी फोडण्याची कामे आणि त्या गर्दीत एकट्या पडलेल्या पोरी. आई-बाप मेलेले, अंगावर चिंधी, आणि भोवती त्यांना विकत घेऊन नेणारे दलाल. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः याच जागी होत्या. जमतील तेवढ्या मुली त्यांनी बरोबर घेतल्या, सुमारे तीनशे.

या मुली कोण होत्या? इथे सारा डाव बदलतो. दुष्काळ जात पाहून मारीत नाही असे म्हणतात, ते खोटे आहे. तो आधी भूमिहीनांना मारतो, मजुरांना मारतो, ज्यांच्या घरी कणगीच नाही त्यांना मारतो. म्हणून दुष्काळातून वाचलेल्या या पोरींत खालच्या मानलेल्या जातींचा भरणा होता. उच्चवर्णीय स्त्रीचे दुःख मांडणारी लेखिका या मुलींना घेऊन परतली आणि त्यानंतर तिचे काम पूर्वीचे राहिले नाही. सोवळ्याची मुभा देणारे सदन मागे पडले आणि सगळ्या जातींच्या पोरी एका पंगतीत जेवू लागल्या. कोणत्याही परिषदेत ठराव न करता!

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. शहरात एवढी नवी माणसे ठेवायला बंदी झाली. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या टाकून या मुली राहिल्या. त्याच सुमारास प्लेगच्या सरकारी रुग्णालयांत आणि छावण्यांत बायकांची काय दैना होते हे रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि मुंबई सरकारने चिडून त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती झाली म्हणून ती इंग्रजांची झाली, असे म्हणणारे हे प्रकरण सांगत नाहीत.

माळावरच्या या वस्तीचे नाव ठेवले मुक्ती. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात धर्मांतराची वाट मांडली, तेव्हा केडगावच्या पाटीवर हा शब्द जवळपास चाळीस वर्षे लिहिलेला होता. दोन वाटा वेगळ्या, त्यांचे तत्त्वज्ञानही वेगळे, हे आम्ही जाणतो. पण हा शब्द दोघांनीही परलोकातून काढून या जगात आणला, हे नजरेआड करता येत नाही.

मुक्ती उभी कशी राहिली? पैसा बाहेरूनही आला, अमेरिकेतून, इंग्लंडहून. पहिल्या मंडळाची दहा वर्षे १८९८ साली भरली तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसता पैसा असता तर एक अनाथालय झाले असते. इथे गाव झाले. विहिरी खणल्या गेल्या, शेते लावली गेली, गाईगुरे आली. मुली लिहायला शिकल्या आणि त्याबरोबर प्रत्येकीच्या हातात काहीतरी काम आले. कुणी मागावर बसली, कुणी शिवणावर, कुणी गोठ्यात. स्वयंपाक, धुणे, दळण यांच्या पाळ्या होत्या. तेलाचा घाणा चालत होता. दुधाच्या बादल्या मोजायची, हिशेब लिहायची, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची कामे मुलींचीच. ज्या घरात चार वेद होते पण पोटापाण्याची एक कला नव्हती, त्या घरातून वाचलेल्या मुलीने हे गाव वसवले. अंगमेहनतीची लाज ही जातीच्या मुळाशी असलेली गोष्ट तिने उपासाने भोगली होती.

मधोमध देऊळ, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या भाषेत उपासना-मंदिर, उभे राहिले. क्रुसाच्या आकाराचे मोठे दगडी बांधकाम. कोरड्या भागात असे बांधकाम आणि विहिरींचे खोदकाम निघाले म्हणजे आसपासच्या मजुरांना रोजगार मिळतो, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुक्तीतल्या बायका टोळ्यांनी आजूबाजूच्या खेड्यांत जात. त्या जात धर्मप्रचाराला, हे खरे. पण दोन वर्षांपूर्वी उकिरड्यावर दाणे वेचणारी पोर हातात पुस्तक घेऊन गावात येते आणि वाचून दाखवते, हे दृश्य त्या गावांतल्या बायकांनी पाहिले. आमच्या समजुतीप्रमाणे प्रचारापेक्षा ते पाहणेच जास्त खोल गेले असावे.

आता खरी कसोटी सांगतो. १८९९-१९०० साली पुन्हा दुष्काळ पडला, पहिल्यापेक्षा भयंकर. गुजरातेत आजही त्याला छप्पनिया म्हणतात. मुक्तीची स्वतःची स्थिती तेव्हा काही श्रीमंतीची नव्हती. पाणी कमी, चारा नाही, धान्य महाग. कोणत्याही शहाण्या विश्वस्ताने दरवाजे बंद केले असते. रमाबाईंनी आपल्या बायका गुजरातेत पाठवल्या आणि त्या शेकडो मुली घेऊन आल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या हाडांच्या सापळ्यांना कुणी सांभाळायचे? मध्य प्रांतातून तीन वर्षांपूर्वी आलेल्या पोरींनी. त्यांनी नव्या आलेल्यांना न्हाऊ घातले, उवा काढल्या, जखमा धुतल्या, थोडेथोडे भरवले. एकदम पोटभर दिले तर उपाशी माणूस मरतो, हे त्यांना ठाऊक होते, कारण त्या त्यातूनच गेल्या होत्या. दया करणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड सगळ्या धर्मादाय संस्थांत असते. केडगावात निदान त्या वर्षी वाचलेल्यांनीच वाचवले.

पुढे तिथे फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झाले, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांना बोटांनी वाचायला शिकवायची सोय झाली. मनोरमेने त्यासाठी ब्रेल लिपी शिकून घेतली होती. ज्यांना समाजाने ओवाळून टाकले अशांची यादी करा, त्यातला जवळपास प्रत्येक जण केडगावच्या कुंपणात सापडे.

आमच्या वस्त्यांतली माणसेही अशीच खेड्यांतून पोटासाठी आली. नंदनवनच्या झोपडपट्टीतला रिक्षावाला असो की बांधकामावरची बाई, विहारासाठी वर्गणी देताना मागेपुढे पाहत नाही. चार भिंती उभ्या राहतात, मूर्ती बसते, पाटी लागते. नंतर कित्येक ठिकाणी बुद्धपौर्णिमेला आणि १४ ऑक्टोबरला कुलूप उघडते. अभ्यासिका, शिवणवर्ग, दवाखाना चालवणारे विहारही आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण मोजायला बसलो तर कोणते जास्त भरतील? केडगावच्या देवळाभोवती गोठा होता, माग होते, छापखाना होता. भजन संपले की माणसे कुठे जात, हा प्रश्न तिथे उरतच नव्हता.

छापखान्याविषयी लिहायलाच हवे. १९०४ च्या सुमारास रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठीत बायबल आधीपासून होते, पण त्याची भाषा संस्कृतच्या वजनाने वाकलेली, अडाणी बाईला न कळणारी, असे त्यांचे मत. संस्कृतच्या पंडितेने हे म्हणावे! हिब्रू आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करू लागल्या. कानांनी ऐकू येणे तोवर बरेच कमी झाले होते. आणि या भाषांतराचे खिळे जुळवायला होत्या त्याच मुली. ज्यांच्या आई-आज्यांच्या कानावर वेदाचा शब्द पडला तर कानात तापलेले शिसे ओतावे असे धर्मशास्त्र सांगत होते, त्यांनी एका धर्माचा सगळा ग्रंथ अक्षर अक्षर जुळवून छापला. त्या ग्रंथावर आमची श्रद्धा नाही. पण एवढ्या मोठ्या कामाकडे मराठी साहित्याच्या इतिहासाने जेवढे लक्ष दिले ते पाहिले म्हणजे त्या इतिहासाची जात कळते.

रमाबाईंच्या कामात उणिवा नव्हत्या असे नाही. मुक्तीत सगळा कारभार त्यांच्या एकटीच्या शब्दावर चाले. आत येणाऱ्या मुलीला धर्म निवडायला कितपत मोकळीक होती हा प्रश्न रास्त आहे. दुष्काळ पाडणाऱ्या व्यवस्थेवर, सारा वसूल करणाऱ्या सरकारवर आणि सावकारावर घाव घालायचे काम त्यांनी जोतीरावांसारखे केले नाही. वाचवणे आणि व्यवस्था बदलणे यांत फरक आहेच. ब्राह्मण सुधारकांनी त्यांना वाळीत टाकले ते मात्र या उणिवांमुळे नव्हे. शारदा सदनाची रमाबाई त्यांना चालत होती, कारण ती त्यांच्या घरातल्या विधवेची सोय होती. केडगावची रमाबाई कुणब्या-महारांच्या, गोंड-कोष्ट्यांच्या पोरींची आई झाली आणि तिचे नाव पुण्याच्या दिवाणखान्यांतून उतरले. आम्ही बहुजनांनीही मग ती यादी न तपासता उचलली.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. ज्या मनोरमेच्या हाती सगळे सोपवायचे ती २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. भाषांतराचे शेवटचे काम चालू असतानाच ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले, मुक्तीच्याच छापखान्यातून, त्यांच्यामागे राहिलेल्या बायकांच्या हातून.